विशेषण कुणाचं?

सोमवार, १ जुलै

नव्या करारात ‘एइदोस’ हा शब्द पाचच ठिकाणी येतो. लूकच्या शुभवर्तमानात दोनदा, योहानाच्या शुभवर्तमानात एकदा, पौलाच्या पत्रांत दोनदा. कोशात त्याचे मुख्य अर्थ दोन: एक रूप, दिसणं; दुसरा प्रकार, जात. चार ठिकाणी पहिल्या अर्थावर भागतं. अडतं ते थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या बाविसाव्या वचनात. वाइटापासून दूर राहा, हा तिथला आशय. पण दूर राहायचं ते वाइटाच्या प्रकारांपासून की वाइटाच्या दिसण्यापासून?

तरुण संघाच्या अभ्यासवर्गात सध्या हेच पत्र चालू आहे आणि शेवटचा अध्याय माझ्याकडे आला आहे. पाळकांचा फोन होता. म्हणाले, “बाई, तुम्ही ग्रीक शिकलात, तर थोडं मुळातलं सांगा पोरांना. फक्त फार व्याकरण नको.” व्याकरणाला हात न लावता मुळातलं कसं सांगायचं, तेवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही.

बुधवार, ३ जुलै

आज शब्द चालवून पाहिला. एइदोस, षष्ठीत एइदूस, चतुर्थीत एइदेइ. नपुंसकलिंगी. पुस्तकातला तक्ता पाहून इंग्रजीतून ग्रीक शिकणारे वैतागतात, कारण शेवटचा ‘ओस’ पाहून शब्द पुल्लिंगी वाटतो. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला मात्र हे घरचंच. मनस्, यशस्, तपस् यांच्याच पंगतीतला हा सकारान्त शब्द. ग्रीक ‘गेनोस’ आणि वैदिक ‘जनस्’ तर सख्खी भावंडं. फरक इतकाच, की आपल्याकडे षष्ठीत ‘जनसः’ म्हणताना स् टिकला. ग्रीकमध्ये दोन स्वरांच्या मधला स् पडला, ‘गेनेसोस’चं ‘गेनेओस’ झालं आणि पुढे दोन स्वर एकजीव होऊन ‘गेनूस’. ‘एइदूस’ही तसंच.

धातू पाहिला तर आणखी जवळचा. मूळ शब्दाच्या आरंभी ‘व’ होता, तो ग्रीकांनी गमावला. तो परत ठेवला की ‘वेइद्’ दिसतो, म्हणजे आपला विद्. लॅटिनमध्ये ‘विदेओ’, मी पाहतो. ग्रीकमध्ये ‘ओइदा’, मला माहीत आहे. हे ‘ओइदा’ रूपाने भूतकाळचं, अर्थाने वर्तमानकाळचं: पाहिलं आहे, म्हणून माहीत आहे. संस्कृतचं ‘वेद’ हे क्रियापदही हुबेहूब असंच आहे. प्रत्यय लिटाचे, द्वित्व नाही आणि अर्थ ‘तो जाणतो’. पाणिनीला यासाठी वेगळं सूत्र करावं लागलं (३.४.८३). आपण ‘विद्म’ म्हणतो तिथे होमरचा ग्रीक ‘इद्मेन’ म्हणतो.

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, एदेन बागेतल्या त्या झाडाच्या नावात याच धातूचं ‘एइदेनाइ’ आहे, जाणणं. बरंवाईट जाणण्याचं झाड. तिथला ‘वाईट’ हा शब्द म्हणजे ‘पोनेरोस’, दुष्ट. पौलाच्या वचनातही हेच दोघं शेजारी बसले आहेत. शुक्रवारी याकडे परत यायला हवं.

शनिवार, ६ जुलै

जुन्या करारातले ‘एइदोस’ पाहत बसले. राहेल ‘एइदेइ’ने सुंदर, योसेफ ‘एइदेइ’ने देखणा, आणि फारोच्या स्वप्नात नाईलमधून वर येणाऱ्या सात गाईसुद्धा त्याच शब्दांत सुंदर! भाषांतरकाराने माणूस आणि गुरं असा भेद केला नाही. इथे चतुर्थी का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. ग्रीकमध्ये तृतीयेचं काम चतुर्थीने उचललं, म्हणून. आपण ‘रूपेण सुन्दरः’ म्हणतो, तेच.

यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातल्या दुःख सोसणाऱ्या सेवकाला मात्र एइदोसही नाही आणि सौंदर्यही नाही. गणनेच्या पुस्तकात मोशेशी देव कोड्यांतून नव्हे, एइदोसमध्ये बोलतो. तिथे शब्द देखणेपणा सोडून फार वर गेला आहे: उघड, समोरासमोर. योहानाच्या पाचव्या अध्यायात येशू ऐकणाऱ्यांना म्हणतो, की तुम्ही पित्याचा आवाज ऐकला नाही आणि त्याचं एइदोसही पाहिलं नाही. हे वाचताना मोशे आठवल्याशिवाय राहत नाही.

लूकची दोन्ही स्थळं त्याची स्वतःची आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी आत्मा कबुतरासारखा उतरला, हे इतरही सांगतात. ‘शारीरिक एइदोसने’ ही भर एकट्या लूकची. डोंगरावर येशूचं रूपांतर झालं तिथे मार्क आणि मत्तय ‘मेतामोर्फो’ हे क्रियापद वापरतात. लूक ते टाळून म्हणतो, की त्याच्या चेहऱ्याचं एइदोस ‘हेतेरोन’ झालं, निराळं झालं. देवांनी रूपं पालटायच्या ग्रीक कथा ज्यांच्या ओठांवर होत्या, अशा वाचकांसाठी तो लिहीत होता. त्या कथांची सावली नको म्हणून त्याने शब्द बदलला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

सोमवार, ८ जुलै

संध्याकाळी सावेडीहून एक मुलगी आली. तरुण संघातली, लॅबमध्ये नोकरी करते. नऊला पाळी सुटते, तेव्हा तिकडे रिक्षा मिळत नाही, म्हणून बरोबरचा मुलगा गाडीवरून घरी सोडतो. दोघांच्या घरी माहीत आहे. चर्चमधल्या कुणीतरी तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, की पोरीचं चुकत काहीच नाही, पण दिसतं वाईट. आणि वर हे वचन ऐकवलं. तेही इंग्रजीतून.

“बाई, इंग्रजीत खरंच ‘अपिअरन्स’ आहे. मी पाहिलं. आणि मराठीत ‘प्रकार’ आहे. मग खरं कुठलं?”

“रविवारी सांगते,” म्हटलं.

“आत्ता सांगा की. आई आठवडाभर बोलत नाहीये माझ्याशी.”

तिला चहा दिला आणि एवढंच सांगितलं, की ‘अपिअरन्स’ हा शब्द १६११ च्या इंग्रजी भाषांतरातला आहे, आणि तुझ्या आईला ज्यांनी वचन ऐकवलं त्यांनी वरची तीन वचनं गाळली आहेत. ती वचनं तिने तिथेच मोबाइलवर काढून वाचली. आत्म्याला विझवू नका. संदेशांना तुच्छ लेखू नका. सगळं पारखून घ्या, चांगलं ते धरून ठेवा. मग हे. “म्हणजे हे संदेशांबद्दल चाललंय?” तिने विचारलं. निदान सुरुवात तरी तिथूनच आहे, मी म्हणाले.

बुधवार, १० जुलै

भाषांतरं ओळीने मांडली. लॅटिन व्हल्गेटमध्ये ‘स्पेसिएस’ आहे. हाही ‘पाहणे’ या धातूवरूनच आलेला आणि दुपदरीच: रूपही, जातही. आज जीवशास्त्रात प्रजातीला जो शब्द आहे तो हाच. टिंडेलने सोळाव्या शतकात इथे संशयास्पद गोष्टींपासून दूर राहायला सांगितलं. लूथरच्या जर्मनमध्ये ‘शाइन’, वरवरचा देखावा. १५६० च्या जिनिव्हा बायबलात ‘अपिअरन्स’ आला, तो १६११ च्या किंग जेम्स भाषांतराने उचलला आणि तिथून साऱ्या जगात गेला. १८८१ मध्ये इंग्रजांनीच सुधारित भाषांतरात तो काढून ‘फॉर्म’ घातला. पण पाठ झालेलं वचन कोण बदलतो?

रूपावरून जात हा अर्थ येतो कसा, हे वर्गात सांगायला पतंजली उपयोगी पडेल. महाभाष्याच्या सुरुवातीलाच ‘गौः’ म्हणजे काय, द्रव्य की आकृती, ही चर्चा आहे. आकृती म्हणजे आकार. पण ज्यांचा आकार एक ते एका जातीचे, म्हणून आकृतीचा अर्थ सरकत जातीपाशी जातो. एइदोसचंही तेच झालं. प्लेटोने त्याला पार इंद्रियांपलीकडे नेलं. अ‍ॅरिस्टॉटलने ‘गेनोस’खाली ‘एइदोस’ अशी उतरंड लावली. आणि सामान्य लोकांनी? इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांवर, पावत्या आणि करारांमध्ये, एइदोस म्हणजे सरळ ‘प्रकार’, नाहीतर ‘माल’. पौल ज्यांना लिहीत होता ते बहुतेक हातावर पोट असलेले लोक होते. त्याच पत्रात तो त्यांना आपल्या हातांनी काम करायला सांगतो. त्यांच्या कानाला हा बाजारातला अर्थ आधी लागला असणार.

योसेफस हा यहुदी इतिहासकार पहिल्या शतकातलाच. तोही एइदोसला ‘दुष्टपणा’ची षष्ठी जोडतो आणि अर्थ असतो दुष्टपणाचा प्रकार. शेजारपाजारचा पुरावा सगळा एका बाजूला.

केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी थेट हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत बायबल आणलं, तेही खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हाताशी इंग्रजी होतं, आधीची मराठी भाषांतरंही होती, तरी त्या वयात ग्रीक कशाला, असं कुणी विचारलं तर परवाची सावेडीची मुलगी पुढे करावी.

शुक्रवार, १२ जुलै

आता मुख्य गाठ. शब्द चार: ‘आपो’, पासून, ‘पान्तोस’, प्रत्येक, ‘एइदूस’, ‘पोनेरू’. प्रश्न असा, की ‘पोनेरू’ हे एइदोसचं विशेषण आहे, की स्वतंत्र नाम? पहिलं धरलं तर ‘प्रत्येक दुष्ट प्रकारापासून’. दुसरं धरलं तर ‘दुष्टाच्या प्रत्येक प्रकारापासून’.

संस्कृतमध्ये हा वाद उभाच राहिला नसता. ‘पासून’साठी पंचमी लागली असती: विशेषण असेल तर ‘दुष्टात् रूपात्’, नाम असेल तर ‘दुष्टस्य रूपात्’. विभक्तीनेच निकाल लागला असता. ग्रीकमध्ये पंचमी षष्ठीत विरघळून गेली. ‘आपो’मुळे एइदोसला षष्ठी आलीच, आता पोनेरूची षष्ठी विशेष्याच्या मागून आली की ‘चा-ची-चे’ या अर्थाने, हे रूपावरून सांगता येत नाही. लिंग नपुंसक, वचन एक, विभक्ती षष्ठी: दोन्ही वाटांनी रूप तेच. लॅटिनकाराला मात्र निवड करावीच लागली. त्याने ‘स्पेसिए माला’ लिहिलं, म्हणजे विशेषण धरलं. दिसण्याचा अर्थ घेणाऱ्यांना सहसा दुसरी वाट लागते, कारण ‘वाइटाचा देखावा’ म्हणायचं तर वाईट हे नाम हवं.

नाम मानण्यावर आक्षेप असा, की आदल्याच वचनात ‘चांगलं’ला उपपद आहे, ‘तो कालोन’. मग ‘वाईट’ला का नाही? आक्षेप जोरदार, पण निर्णायक नाही. एदेनमधल्या त्या झाडाच्या नावातले बरं आणि वाईट दोन्ही उपपदाविना आहेत, आणि तिथे ती नामंच आहेत. विशेषणाच्या बाजूने ईयोबाचा आरंभ आहे. ईयोब प्रत्येक वाईट गोष्टीपासून दूर राहणारा होता, असं तिथे म्हटलं आहे, आणि क्रियापद, ‘आपो’, ‘पान्तोस’, ‘पोनेरू’ सगळं पौलाच्याच शब्दांत; फक्त एइदोसच्या जागी ‘प्राग्मा’, गोष्ट. पौलाच्या कानात ईयोबाची ती ओळ असेल, तर पोनेरू विशेषणच. मी त्याच बाजूला झुकते. पण कुठलीही बाजू घेतली तरी एइदोस म्हणजे प्रकार, यात फरक पडत नाही. दोन प्रश्न वेगळे आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

क्रियापदांची जोडीही पाहण्यासारखी. ‘कातेखेते’, धरून ठेवा. ‘आपेखेस्थे’, दूर राहा. दोन्ही ‘एखो’चीच, उपसर्ग वेगळे. दुसरं मध्यम प्रयोगात, आपल्या आत्मनेपदासारखं: स्वतःला लांब ठेवा. त्यांच्या आधीचं ‘दोकिमाझेते’, पारखा, हे नाण्यांनाही लावलं जाणारं क्रियापद. क्लेमेंट आणि ऑरिजेन हे अलेक्झांड्रियाचे आचार्य एक उक्ती सांगतात: पारखी सराफ व्हा. शुभवर्तमानांत ती नाही, पण जुन्या लेखकांनी ती पौलाच्या या ओळींशी बांधली. म्हणजे पहिल्या वाचकांना हे तीन शब्द एकाच कामाचे वाटत होते: पारखणं, ठेवणं, टाकणं. तांदूळ निवडताना खडा दिसला की तो बाहेर. तांदूळ खड्यासारखा दिसेल का, हा प्रश्न निवडणारीला पडत नाही.

रविवार, १४ जुलै

उपासनेनंतर वर्ग. खुर्च्या कमी पडल्या, कारण आया पण आल्या होत्या. सावेडीच्या मुलीची आईसुद्धा.

पत्राचा काळ आधी सांगितला. करिंथमध्ये पौल गल्लियो या प्रांताधिपतीसमोर उभा राहिला, असं प्रेषितांची कृत्ये सांगतात. गल्लियोचं नाव असलेला शिलालेख डेल्फीला सापडला, त्यावरून त्याची कारकीर्द ५१-५२ च्या सुमाराची ठरते. पत्र त्याच मुक्कामातलं, म्हणजे नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी एक. अजून चार शुभवर्तमानं लिहिलेली नाहीत, मंडळी कोवळी आहे, सभेत कुणीही उठून देवाचा संदेश म्हणून काही बोलतं आहे. काय ऐकायचं, काय सोडायचं? त्याचं उत्तर या चार-पाच छोट्या वाक्यांत आहे.

मग फळ्यावर ‘दुष्टात् रूपात्’ आणि ‘दुष्टस्य रूपात्’ लिहिलं. पाळक मागे बसून हसत होते.

एका मुलाने हात वर केला. “बाई, दिसण्याचाच नियम असता तर येशूचंच काय? जकातदारांच्या घरी जेवायचा. लोक त्याला खादाड म्हणायचे, दारुडा म्हणायचे.” मी तयार करून ठेवलेलं वाक्य त्याने आधीच म्हणून टाकलं.

एक वयस्क भाऊ उठले. “पण बाई, दिसण्याला काहीच किंमत नाही का? उद्या मी गुत्त्यासमोर उभा राहिलो तर?” प्रश्न रास्त होता. दुसऱ्याच्या नजरेचा विचार पौलाने केलेला आहे, पण तो दुसरीकडे. रोमकरांच्या पत्रात तो सर्वांच्या दृष्टीने जे चांगलं त्याची काळजी घ्यायला सांगतो. करिंथकरांना लिहिताना मूर्तीपुढचं मांस खाण्याबद्दल म्हणतो, की दुर्बळ भावाला ठेच लागणार असेल तर मी खाणार नाही. तिथे प्रश्न त्या भावाच्या भल्याचा आहे, आणि सोडायचं आहे ते स्वतःचं. इथे एका मुलीला सांगितलं जातं ते कुणाच्या भल्यासाठी? ठेच कुणाला लागते आहे, त्याचं नाव तरी सांगता यायला हवं. नुसतं ‘लोक’ चालणार नाही.

भाऊ बसले. पटलं की नाही कळलं नाही, जाताना म्हणाले, “विचार करतो.” आईने मुलीला हाक मारली, दोघी एकाच रिक्षाने गेल्या.

मंगळवार, १६ जुलै

भाचा मालवाहू जहाजावर आहे, सध्या थेस्सलोनिकी बंदरात. हा शब्द पाट्यांवर शोधायला त्याला सांगून ठेवलं होतं. आज त्याने फोटो पाठवले. शहरातल्या एग्नातिया रस्त्यावरची दुकानं, रोमन हमरस्त्याचं नाव अजून लागलेलं. एका पाटीवर ‘एइदी दोरोन’, भेटवस्तू. दुसरीवर ‘एइदी इयिइनीस’, आणि खाली काचेत कमोड आणि बेसिनं मांडलेली. मामी, हा तुझा पवित्र शब्द, असं त्याने खाली लिहिलं आहे.

‘एइदी’ म्हणजे एइदोसचं अनेकवचन. आजचा उच्चार ‘ईधी’. पौलाच्या काळातही पहिला स्वर ‘ई’कडे झुकलेलाच होता. अर्थ माल, जिन्नस. आणि ‘जिन्नस’ हा आपला शब्द फारसीतून आला, फारसीत अरबी ‘जिन्स’मधून, आणि अरबीत तो ग्रीक ‘गेनोस’वरून. म्हणजे जात, मग प्रकार, मग वाणसामान. गेनोस आणि एइदोस, अ‍ॅरिस्टॉटलने वर-खाली बसवलेले दोघे, शेवटी एक नगरच्या वाण्याकडे, दुसरा थेस्सलोनिकीच्या बेसिनवाल्याकडे.

गुरुवार, १८ जुलै

पाचवं स्थळ राहिलं होतं: करिंथकरांस दुसरं पत्र, ५:७. आम्ही विश्वासाने चालतो, एइदोसने नव्हे, असा आशय. इंग्रजीत इथे ‘साइट’ घालतात, दृष्टी. पण एइदोस म्हणजे पाहण्याची शक्ती, असा वापर मला कुठे भेटत नाही. तो नेहमी पाहिली जाणारी गोष्ट असतो. दृश्य, द्रष्टा नव्हे. तेव्हा पौल डोळे मिटून चालायला सांगत नाही. तो म्हणतो आहे, की दिसणारं रूप हा आमच्या चालण्याचा आधार नाही. आधीच्या अध्यायात त्याने दिसणारं क्षणिक आणि न दिसणारं सार्वकालिक असं म्हटलं आहे, त्याला हे जुळतं.

हे पत्र थेस्सलनीकाकरांच्या पत्रानंतर चार-पाच वर्षांनी लिहिलेलं. शब्द तोच, हात तोच. जो माणूस दिसण्याच्या आधाराने चालत नाही म्हणून लिहितो, त्याच्याच नावावर आपण ‘दिसतं वाईट’ खपवत आलो. पुढच्या रविवारी हे वचन घ्यावं, असं पाळकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं: “घ्या. फळा पुसून ठेवतो.”